जखमेवरचा फेस आणि जिवाणूंचे लोहरक्षण

प्रश्न : आमच्या खाजन शेतीत (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारजमिनीत) बांध दुरुस्त करताना चिखलात पाय कापला. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतताच पुष्कळ फेस आला. हे औषध जंतू मारते असे ऐकले आहे. मग काही जिवाणू त्यातून वाचतात कसे?
– एक वाचक, दिवाडी, गोवा

उत्तर : फेस म्हणजे जंतू मरत असल्याची खूण, ही समजूत प्रथम दूर करायला हवी. आपल्या रक्तात व पेशींत कॅटॅलेज नावाचे विकर (एन्झाइम) असते. ते पेरॉक्साइडचे पाणी आणि प्राणवायूत विघटन करते. तुम्हाला दिसलेला फेस मुख्यतः त्याच प्राणवायूचा. पुष्कळ जिवाणूंकडेही हे विकर असते. पेरॉक्साइडच्या थेंबाने स्टॅफिलोकॉकस फसफसतात, स्ट्रेप्टोकॉकस फसफसत नाहीत, आणि प्रयोगशाळेत ते असेच वेगळे ओळखले जातात.

बाहेरून काहीही ओतले नाही तरी, प्राणवायूवर जगणाऱ्या जिवाणूच्या पेशीत सुपरऑक्साइड आणि पेरॉक्साइड ही प्राणवायूपासून बनणारी उपद्रवी रूपे सतत तयार होत असतात. सुपरऑक्साइडचा बंदोबस्त सुपरऑक्साइड डिसम्यूटेज हे विकर करते. त्याचे हे कार्य मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच या शास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये दाखवून दिले. त्यातून पुन्हा पेरॉक्साइडच निर्माण होते. ते थोडे असेल तर पेरॉक्सिडेज विकरे आणि वाढले तर कॅटॅलेज ते निस्तरतात.

मला मात्र याहून मोलाची वाटते ती जिवाणूंची लोहाविषयीची दक्षता. पेशीत मोकळ्या असलेल्या लोहाशी पेरॉक्साइडची गाठ पडली की हायड्रॉक्सिल मूलक (अत्यंत क्रियाशील असा रेणूचा तुकडा) जन्माला येतो, आणि तो इतका उतावीळ असतो की जिथे जन्मतो तिथेच, मग तो डीएनए का असेना, घाव घालतो. त्याला गाठून निष्प्रभ करील असे विकर नाही. त्याचा जन्मच टाळावा लागतो. ई. कोलाय या जिवाणूत ऑक्सीआर नावाचे प्रथिन पहारा देते. पेरॉक्साइड वाढताच त्याच्यातील सिस्टीन या अमिनो आम्लाच्या दोन घटकांमध्ये गंधकाचा बंध जुळतो, प्रथिनाचा आकार पालटतो आणि बचावाची जनुके कामाला लागतात. त्यांपैकी एका जनुकापासून डीपीएस हे प्रथिन बनते. त्याचे बारा घटक मिळून एक पोकळ गोळा तयार होतो. तो डीएनएला बिलगून राहतो, पेरॉक्साइड वापरूनच लोहाचे ऑक्सिडीकरण करतो आणि ते लोह आपल्या पोटात साठवतो. शिवाय जिवाणू बाहेरून मँगनीज आत घेतो आणि काही विकरांत लोहाच्या जागी ते बसवतो. मँगनीजपासून असा घातक मूलक निर्माण होत नाही.

खाजनातल्या काळ्या, कुजक्या वासाच्या चिखलात खोलवर प्राणवायू जवळजवळ नसतो. तिथे राहणाऱ्या कित्येक जिवाणूंना हवा सोसत नाही. धनुर्वाताचा जिवाणू हवेत वाढू शकत नाही, पण मातीत तो बीजाणूरूपाने वर्षानुवर्षे तग धरतो आणि जखम खोल असेल तर आत प्राणवायूविना वाढू लागतो. पेरॉक्साइडच्या फेसावर त्यासाठी विसंबू नका; शिवाय ते वारंवार लावल्यास जखम भरून काढणाऱ्या आपल्याच पेशींना इजा होते. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने नीट धुवावी आणि धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती ते सांगून डॉक्टरांचा सल्ला आजच घ्यावा.