वही मिट, षड्ज लाव

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहीचे फोटो पाहिले. राग, थाट, जाती, वादी, संवादी, समय असे सहा रकाने, लाल शाईने आखलेले, कुठे खाडाखोड नाही. आणि खाली तुझा प्रश्न: एवढं सगळं तोंडपाठ असूनही कुणी गायला लागलं की राग भूप आहे की देशकार ते कळत नाही, मला कानच नाही का?

कान आहे. कान नसलेल्याला हा प्रश्न पडत नाही, त्याला दोन्ही गोड लागतात आणि तो सुखात असतो. तुझं दुखणं निराळं आहे. ऐकायच्या गोष्टी तू वाचून शिकायला निघालीस.

भूप-देशकारच विचारलंस ते बरं केलंस. वहीत दोघांपुढे तू सा रे ग प ध लिहिलं आहेस, म आणि नी, म्हणजे मध्यम-निषाद, दोन्हीकडे वर्ज्य. पुढे भूपाचा थाट, म्हणजे राग ज्या सात स्वरांच्या साच्यात बसवतात तो, कल्याण, देशकाराचा बिलावल. आता मला सांग, कल्याण आणि बिलावल या दोन थाटांत फरक कशाचा? फक्त मध्यमाचा. कल्याणात तीव्र, म्हणजे चढलेला, बिलावलात शुद्ध. मग ज्या रागांत मध्यमच नाही त्यांचे थाट तू कशावरून ठरवलेस? ठरवले नाहीस, उतरवून घेतलेस. रागावू नकोस, सगळेच तसं करतात. पण तुझ्यासारख्या चौकस मुलीला हे लिहिताना खटकलं नाही याचा अर्थ एवढाच, की लिहिताना गळा बंद होता.

आता तानपुरा सुरू कर आणि गा: सा, खालचा ध, सा रे ग, प ग, ध प ग, रे सा. गंधारावर, म्हणजे ग वर, येऊन थांब, पुन्हा फिरून गंधारावरच ये. मग दुसरं गा: सा ध, ध प, ग प ध, प, ग रे सा. इथे मुक्काम वरच्या धैवतावर, खाली आलीस तरी लक्ष वरच. स्वर तेच पाच आणि घर बदललं. वादी म्हणजे रागाचा मुख्य स्वर; ‘भूपाचा वादी गंधार, देशकाराचा धैवत’ ही तुझ्या रकान्यातली ओळ म्हणजे हेच, आणि ते अंगाला लागल्यावर थाट का वेगळे धरले तेही उमगेल: भूपाची चाल कल्याणाच्या वळणाची आहे. आधारकार्डावरचा मजकूर पाठ करून माणूस ओळखीचा होत नाही, तसंच आहे हे. आधी गळ्यात, मग वहीत. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, सोसून घे.

‘सा म्हणजे पांढरी एक ना?’ असंही विचारलं आहेस. नाही गं! सा ही पेटीवरची जागा नाही. तुझी पट्टी काळी पाच असेल तर काळी पाच हाच तुझा सा, आणि बाकीचे अकरा स्वर तिथून मोजायचे. शास्त्रातलं पहिलं आणि जवळजवळ एकमेव कठीण वाक्य हेच: प्रत्येक स्वर म्हणजे षड्जापासूनचं, सा-पासूनचं, अंतर. सात शुद्ध, रे ग ध नी कोमल म्हणजे उतरलेले, म तीव्र, सा आणि प अचल, असे बारा. हे बारा स्वर बारा नावं म्हणून पाठ केलेस तर ओझं होईल. षड्ज कानात ठेवून एकेक गायलीस तर प्रत्येकाचा स्वभाव लक्षात राहील. पंचम लावलास की स्थिर वाटतं, तीव्र मध्यम पंचमाकडे ओढतो, शुद्ध निषाद वरच्या सा-वाचून बसूच देत नाही. हे कुठल्या रकान्यात लिहिशील?

आणि सुरुवातीला पेटी बाजूला ठेव. पेटीत सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात, त्यामुळे तिचा गंधार खऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. खरा कुठे मिळेल? तानपुऱ्यात. खर्जाची, म्हणजे खालच्या सा-ची, तार सुरात लागली असेल तर शांत बसून ऐक, तिच्यातून गंधार आपोआप उमटतो. कुणी छेडलेला नसतो, म्हणून त्याला स्वयंभू म्हणतात. तो एकदा ऐकू आला की कोमल आणि शुद्ध यांतला फरक कुणी समजावून द्यावा लागत नाही.

आता थाट. दहा नावं एका दमात पाठ करण्याचा उद्योग थांबव. कल्याणापासून निघ. त्याचा तीव्र मध्यम शुद्ध कर, बिलावल झाला. निषाद कोमल कर, खमाज. गंधारही कोमल कर, काफी. धैवत कोमल कर, आसावरी. ऋषभही कोमल केलास की भैरवी. प्रत्येक वेळी एकच स्वर बदलला आणि सहा थाट हाती आले. पण हे मनात मोजून नाही. गाऊन. एक थाट वर-खाली गा, एक स्वर बदल, लगेच पुन्हा गा, आणि मन:स्थिती कशी पालटली ते बघ. भैरव, पूर्वी, मारवा, तोडी हे चौघे नंतर. ते त्या ओळीत बसत नाहीत आणि कोमल ऋषभ गळ्यात मुरल्याशिवाय त्यांना हात लावू नये. बावीस श्रुतींचं, म्हणजे स्वरांमधल्या बारीक अंतरांचं, प्रकरण तर तू सध्या उघडूच नकोस.

थाटांवर फार श्रद्धाही ठेवू नकोस. पटदीपात गंधार कोमल आणि निषाद शुद्ध. असा थाट त्या दहांत नाही, तरी पुस्तकं त्याला काफीत बसवतात. हे चूक आहे असं नाही, मांडणी म्हटली की असं होणारच. दहा थाटांची ही मांडणी करणारे भातखंडे (१८६०–१९३६) पेशाने वकील, पण गावोगाव फिरले, गवयांकडे बसले, शेकडो बंदिशी मिळवल्या, ऐकल्या, लिहून घेतल्या. आधी गाणं, मग वर्गवारी. आपण मात्र त्यांच्या वर्गवारीपासून सुरुवात करतो आणि गाण्यापर्यंत पोचतच नाही! त्यांनी लक्षणगीतं रचली, रागाची सगळी माहिती बंदिशीच्या शब्दांतच घातली, ती कशासाठी? शास्त्र गळ्यातून जावं म्हणून. तुझ्या सहा रकान्यांऐवजी सहा लक्षणगीतं बसव.

तालाचंही तेच. तीनताल १६ मात्रांचा, टाळी १, ५ आणि १३ वर, खाली, म्हणजे हात रिकामा सोडायची जागा, ९ वर. हे वहीत आहे तुझ्या. हातावर आहे का? चालताना, भांडी विसळताना तोंडाने ठेका म्हण. ठाय, म्हणजे मूळ संथ लय, पक्की झाली की त्याच टाळीत दुगुन, म्हणजे दुप्पट वेगाने. दुगुन कागदावर लिहिता येणाऱ्या मुली मी खूप पाहिल्या आहेत, समेवर, म्हणजे बरोब्बर पहिल्या मात्रेवर, येणाऱ्या थोड्या.

तुला वाटेल, बाई हट्टी आहेत. आहेच. मी शिकवायचे त्या संस्थेत शास्त्राचा तास वेगळा आणि गाण्याचा वेगळा होता. शास्त्राच्या तासाला खोलीत तानपुराच नसायचा. मी नेला, तर शेजारच्या वर्गाला आवाज जातो अशी तक्रार झाली. संगीताच्या शाळेत, आवाज जातो म्हणून! मी नोट्स लिहून द्यायचं नाकारलं, त्यामुळे माझ्या मुलांना लेखीत गुण कमी पडायचे. पालक वही उघडून विचारायचे, यात काहीच कसं नाही? मी म्हणायचे, मुलीला विचारा, ती गाऊन दाखवेल. काहींनी विचारलं. काहींनी मुलं दुसरीकडे नेली. त्यातल्या एकीचा निषाद असा होता की अजून आठवला की चुटपुट लागते. चार पानं लिहून दिली असती तर ती राहिली असती. मी दिली नाहीत आणि आज ती समोर आली तरी देणार नाही. ज्या मुली राहिल्या त्या आज मारवा, पूरिया आणि सोहनी पहिल्या दोन आलापांत वेगळे काढतात, आणि तिन्हींत स्वर तेच आहेत हे त्यांना मागाहून कळलं. मागाहूनच कळायला हवं.

परीक्षेचं विचारलंस. फॉर्म भर की, माझा विरोध परीक्षेला नाही. प्रवेशिकेला लागणारं शास्त्र, गाता येत असेल तर फार थोडं आहे, शेवटच्या महिन्यात रकाने भर आणि बघ किती भराभर भरतात ते. तोवर कल्याणापासून भैरवीपर्यंतचे सहा थाट सलग गाऊन मला रेकॉर्डिंग पाठव. मागे तानपुरा हवा, पेटी नको. जिथे सूर हलेल तिथेच थांब, रेटून पुढे जाऊ नकोस. बहुधा आसावरीत थांबशील. काफीच्या शुद्ध धैवताची सवय झालेली असते, त्यामुळे कोमल धैवत चढा लागतो. लागला तर धैवत सोड, पंचमावर ये आणि तिथून पुन्हा वर जा.

तुझी,
बाई