विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन घरीच चालू करायचंय? खोलायच्या आधी हे बघा

या वेळी वाचकांकडून आलेले जवळपास सगळे प्रश्न विहिरीवरच्या जुन्या एक-सिलिंडर डिझेल इंजिनांचेच आहेत. लाईट आली, मोटारी बसल्या आणि ही इंजिनं पत्र्याच्या खोपटात तशीच पडून राहिली, आता कुणाला कडबाकुट्टीला जोडायचंय तर कुणाला आजोबांचं म्हणून फक्त चालू झालेलं बघायचंय. दोन्ही कारणं मला सारखीच पटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रश्न (सांगोला): आजोबांचं 6 एचपीचं दोन फ्लायव्हीलवालं (बाजूच्या जड चाकांचं) इंजिन आहे, राजकोटचं. 15-16 वर्षं बंद, हँडल हलतच नाही. मित्र म्हणतो ट्रॅक्टरला पट्टा जोडून ओढू. ओढू का?

उत्तर: नका हो, अजिबात नका. पट्ट्याने ओढलं की एक तर पिस्टनची रिंग तुटते नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि चार दिवसांच्या धीराने जे फुकटात झालं असतं ते लेथवाल्याकडे जातं. तुमचं इंजिन मूळ इंग्लंडमधल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीच्या डिझाईनचं, राजकोटला त्याच्या नकला वर्षानुवर्षं बनल्या. 650 आरपीएमचं, जड, सावकाश चालणारं, दोन फेऱ्यांत एक ठोका, म्हणून मिनिटाला सव्वातीनशे ठोके म्हणजे सेकंदाला पाचेक, म्हणूनच तो थाड-थाड आवाज लांबूनही ओळखू येतो. अशी इंजिनं सहसा आतून मोडलेली नसतात, गंजाने धरलेली असतात. सायलेन्सरमधून पावसाचं पाणी गेलं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असला की ते पाणी थेट पिस्टनवर, आणि रिंगा लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) चिकटल्या.

आधी नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतं ते) काढा. नट सुटत नसेल तर हातोडी न मारता रात्रभर डिझेल लावून ठेवा. त्या भोकातून अर्धा कप डिझेल आणि गिअरचं पातळ लाल ऑईल (एटीएफ म्हणतात ते) निम्मंनिम्मं करून ओता. रोज थोडं थोडं टाकत राहा. तीन-चार दिवसांनी फ्लायव्हीलची कड दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे, पुढे-मागे हलकेच रेटा. पहिल्यांदा बोटभर हलेल, कधी तेवढंही नाही, पण उलट दिशेलाही रेटत राहायचं हे महत्त्वाचं. माझ्याकडच्या एकाला नऊ दिवस लागले होते, नवव्या दिवशी संध्याकाळी आतून कर्रर्र असा ओला आवाज आला आणि चाक पाऊण फेरा गेलं.

सुटलं म्हणून लगेच हँडल मारू नका. बाजूचं झाकण काढून खालचा सम्प, म्हणजे ऑईल साठतं ती जागा, बघा, त्यात करपलेल्या खव्यासारखा काळा गाळ असतो, तो हाताने काढून डिझेलने धुवा. या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या टोकाला खाली एक छोटी चमच्यासारखी पट्टी असते, ती ऑईल उडवते आणि त्यावरच आतलं सगळं चालतं. पट्टी गाळात रुतलेली असेल तर बेरिंग कोरडं राहणार. काही जुन्या कास्टिंगमध्ये साच्याची वाळू राहिलेली सापडते, तेव्हा कोपरे बोटाने चाचपून बघा. आणि फ्लायव्हीलच्या चाव्या, म्हणजे चाक शाफ्टवर घट्ट धरणाऱ्या पाचरी! हातोडीने हलकं ठोकून बघा, टण्ण वाजली तर घट्ट आहे, बद्द आवाज आला तर ढिली. एकेक चाक शंभर किलोच्या वर असतं, ते शाफ्टवरून सुटलं तर भिंत फोडून जाईल, यात हयगय चालणार नाही.

प्रश्न (राहाता): 5 एचपीचं 1500 आरपीएमचं पाण्यावरचं इंजिन सकाळी लवकर सुरू होत नाही. मिस्त्री म्हणतोय बोअर करावं लागेल (सिलिंडर आतून कोरून घ्यावा लागेल). खरं असेल का?

उत्तर: असेलही, पण आधी धूर बघा की. हँडल मारताना सायलेन्सरमधून काहीच येत नसेल तर आत डिझेलच पोचत नाहीये, त्यात बोअरचा काय संबंध? टाकी, फिल्टर, पाइप बघा आणि हवा काढा. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू ढिला करायचा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळायचा, मग नोझलकडच्या पाइपचा नट ढिला करून हँडल फिरवायचं, तिथेही सलग आलं की आवळायचं. त्यानंतर हँडल फिरवताना नोझलचा कट्-कट् आवाज आला पाहिजे. नोझल बाहेर काढून फवारा बघणार असाल तर हात समोर धरू नका, त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं आणि वरून टोचल्याएवढीच खूण दिसते, असं झालंच तर ताबडतोब दवाखाना गाठा.

पांढरा धूर येतोय, डिझेलचा वास येतोय आणि पेटत नाही, तर मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) किंवा टायमिंग (डिझेल फवारायची वेळ). डिकॉम्प्रेशन लिव्हर (व्हॉल्व्ह उघडा धरून दाब सोडते ती) सोडून, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होऊ देऊन, फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवा. चांगलं इंजिन तुम्हाला उलटं ढकलतं, उशीवर दाबल्यासारखं. सुळकन निघून गेलं तर नोझलच्या भोकातून एकच चमचा इंजिन ऑईल टाका (जास्त नको, ऑईल दबत नसतं, रॉड वाकेल), नोझल बसवून परत फिरवा. आता दाब वाढला तर रिंगा किंवा लायनर, मिस्त्री बरोबर बोलतोय. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट गेलंय, ते पुष्कळ कमी खर्चात होतं. माझा अनुभव असा की टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग) फार टाइट केलेले असतात म्हणूनही व्हॉल्व्ह बसत नाही, तेव्हा ते सगळ्यात आधी, इंजिन थंड असताना, फिलर गेजने (फट मोजायच्या पत्तीने), तुमच्या इंजिनाच्या पुस्तकातल्या आकड्याला सेट करा. अंदाजाने नको.

प्रश्न (कागल): काळा धूर आणि निळा धूर यात नेमका फरक काय?

उत्तर: काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी: एअर फिल्टर भरलाय, नोझल ठिबकतंय किंवा तुम्ही झेपत नाही एवढा लोड टाकलाय. निळा म्हणजे ऑईल जळतंय. सम्पमध्ये ऑईल खुणेच्या वर भरलं तरी निळा येतो, तेवढं बघूनच पुढे जा.

प्रश्न (माणगाव): जुनं इंजिन दुरुस्त करून चालू केलं आणि ते एकदम पळत सुटलं, ॲक्सिलरेटर कमी करूनही थांबेना. नशिबाने डिझेल संपलं. काय झालं असेल?

उत्तर: तुम्हाला काही लागलं नाही हे वाचून बरं वाटलं. हे माझ्यासमोर झालंय. डिझेल पंपाची रॅक, म्हणजे पंपातून बाहेर आलेली ती बारीक दांडी, जुन्या डिझेलच्या चिकटीने फुल डिझेलवर अडकलेली होती आणि आम्ही बघितली नाही. आवाज चढत गेला, फाउंडेशनचे बोल्ट हलायला लागले. शेजारी पाटाएवढी फळी होती ती एअर फिल्टर काढून हवेच्या तोंडावर दाबली तेव्हा ते गुदमरून बंद पडलं. हात किंवा चिंधी लावायची नाही, ओढून घेतं. तेव्हापासून पहिल्या स्टार्टला मी फळी घेऊन एक माणूस हवेच्या तोंडाशी उभा करतोच. रॅक बोटाने ढकलली की अलगद सरकून परत आली पाहिजे, नसेल तर डिझेलने धुवून मोकळी करा, गव्हर्नरची (इंजिनाचा वेग आवरतो त्याची) स्प्रिंगही बघा. सम्पमध्ये ऑईल फार भरलं तर इंजिन त्या ऑईलवरही पळू शकतं, तेव्हा डिझेल बंद करून उपयोग नाही, हवाच तोडावी लागते.

प्रश्न (दिंडोरी): द्राक्षबागेतला छोटा 18 एचपीचा ट्रॅक्टर ब्लोअर लावला की गरम होतो. पाणी भरलेलं असतं.

उत्तर: रेडिएटरच्या जाळ्या धुवा. फवारणीचं औषध आणि धूळ मिळून त्यावर सिमेंटसारखा थर होतो, समोरून दिसत नाही. आतल्या म्हणजे फॅनच्या बाजूने, साध्या नळाच्या धारेने, हाय प्रेशर नको, पाती वाकतात. मग फॅन बेल्ट बघा.

प्रश्न (पुणे): वडील गेले. त्यांचं इंजिन गावाकडे आहे, मी दरवर्षी खंडेनवमीला ते सुरू करते, बाकी वर्षभर कसं ठेवू?

उत्तर: ताई, फार छान करताय. बंद करताना सिलिंडरच्या खालचा कॉक उघडून पाणी पूर्ण काढा. ऑईल बंद करायच्या दिवशीच बदला, जुनं काळं ऑईल वर्षभर आत ठेवलं तर त्यातलं ॲसिड बेरिंगला खातं. 20डब्ल्यू40 चालेल. डिझेलची टाकी रिकामी करा. डिकॉम्प्रेशन लिव्हर सोडून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतील अशा जागी चाक थांबवा, उलटं दाबायला लागलं की तीच जागा. सायलेन्सरवर पत्र्याचा डबा पालथा घाला. गावी कुणी असेल तर महिन्यातून एकदा चाक हाताने दोन फेरे फिरवून परत त्याच जागी आणायला सांगा.

सुरू करताना हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, भोवती गुंडाळू नका, उलटा झटका आला तर मनगट वाचतं. ओढणी, पदर कमरेला खोचा, पट्ट्याजवळ लहान मुलं नकोत. आणि आधी सायलेन्सरवरचा तो डबा काढा, पूजेच्या गडबडीत तोच राहून जातो.