फ्रँकलिन व्हर्जिनिया टेकची टीम वर काढेल का? सीझन तिकिटं घ्यावीत का?

ताई, आधी मुलाचं अभिनंदन. तुम्ही विचारलंय की मुलाला यंदा व्हर्जिनिया टेकला ॲडमिशन मिळालीये, तो कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या तिकिटांसाठी मागे लागलाय, टीम गेल्या सीझनला ३-९ (तीन विजय, नऊ हार) होती, आता जेम्स फ्रँकलिन कोच म्हणून आलाय, तर खरंच काही फरक पडणारे का हे सगळं नुसतं बोलणं आहे. मी २००४ ते २००६ ब्लॅक्सबर्गला, म्हणजे टेकच्याच गावात, एमएस केलं, नंतर नोकरी नॉर्दर्न व्हर्जिनियात, पण गेली वीस-एक वर्षं दर सीझनला निदान दोन तरी गेमला आय-८१ हायवेने खाली जातोच. त्यामुळे थोडं लांबणारे, सांभाळून घ्या.

सरळ उत्तर: हो, टीम वर येईल, आणि बऱ्यापैकी लवकर येईल. कुठपर्यंत येईल हा वेगळा प्रश्न आहे, त्याच्याकडे येतो.

आधी टीम एवढी खाली गेली कशी ते बघा, कारण तुमच्या मुलाच्या वयाच्या पोरांना हे कॉलेज एकेकाळी किती मोठं होतं ते माहीतच नाही. मी ऑगस्ट २००४ मध्ये आलो ते टेकचं एसीसी कॉन्फरन्समधलं (कॉलेजांचा गट, आपसात लीग खेळणारा) पहिलं वर्ष, आणि पहिल्याच वर्षी टायटल मारलं. तिथून २०११ पर्यंत सलग आठ सीझन दहा किंवा जास्त विजय. फ्रँक बीमर कोच होते, आणि त्यांच्याआधी या कॉलेजला फुटबॉलमध्ये देशभर फारसं कोणी विचारत नव्हतं. १९९३ पासून सलग २७ वर्षं टीम बोल गेमला (सीझन चांगला गेलेल्या टीमना शेवटी मिळणारा जास्तीचा गेम) गेली, त्यातली २३ बीमरची. जानेवारी २००० मध्ये स्टार खेळाडू मायकल व्हिकला घेऊन नॅशनल चॅम्पियनशिपच्या गेमपर्यंत पोचले, फ्लोरिडा स्टेटकडून ४६-२९ हरले, पण पोचले.

आता यातली एक गोष्ट लोक विसरतात. बीमर १९८७ ला आले तेव्हा पहिल्या वर्षी २-९. आधीच्या कारभारामुळे एनसीएएचे, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या देशभरच्या संस्थेचे, निर्बंध, स्कॉलरशिप कमी केलेल्या. सहा वर्षं झाल्यावर हिशोब २४ विजय, ४० हार, २ बरोबरी, आणि सहाव्या वर्षी तर २-८-१. कॉलेजने असिस्टंट कोच बदलायला लावले पण बीमरना ठेवलं, आणि पुढच्याच वर्षी ९-३. आज सहा वर्षं सोडा, चार वर्षं पण कोणी थांबत नाही. ब्रेंट प्राय, म्हणजे फ्रँकलिनच्या आधीचा कोच, चौथ्या सीझनच्या तिसऱ्या गेमनंतर दुसऱ्या दिवशी गेला.

ते तीन गेम कसे होते ते सांगतो, कारण आजार त्यात दिसतो. पहिला साऊथ कॅरोलायनाशी अटलांटात, हरलो. दुसरा ६ सप्टेंबरला घरी, व्हँडरबिल्टशी, त्याला मी आणि बायको दोघं होतो. हाफटाईमला आपण २०-१० पुढे, स्टेडियममध्ये नुसता जल्लोष, शेजारच्या रांगेतले आजोबा मला म्हणाले की हे वर्ष आपलं. मग दुसरा हाफ सुरू झाला. व्हँडरबिल्टचे लाईनमन, म्हणजे पुढच्या रांगेत भिडणारे धिप्पाड गडी, दर डावाला आपल्या पोरांना दोन-दोन पावलं मागे ढकलत होते. तिसरा क्वार्टर संपत आला तेव्हा आपल्या डिफेन्सची पोरं गुडघ्यावर हात ठेवून वाकून उभी होती, मान वर करून साईडलाईनकडे बघत होती की बदली कोणी येतंय का, आणि येणारं कोणी नव्हतं, म्हणजे होतं, पण त्या तोडीचं नव्हतं. दुसरा हाफ ३४-०. फायनल ४४-२०. ते आजोबा शेवटी काही बोललेच नाहीत, टोपी घेतली आणि गेले. पुढच्या आठवड्यात ओल्ड डोमिनियन, याच राज्यातलं लहान कॉलेज, ते घरी येऊन ४५-२६ मारून गेलं. रविवारी प्राय गेला.

यात प्लेकॉलिंग चुकलं, हे चुकलं ते चुकलं असं खूप जण म्हणतील. माझं मत वेगळं आहे. कबड्डीत चढाई करणारा सगळ्यांना दिसतो, टाळ्या त्याला, पण मॅच कोपऱ्यात उभे राहून पकडी करणारे जिंकून देतात, तसंच इथे दोन्ही बाजूच्या लाईनचं आहे, आणि आपली लाईन गेली दहा वर्षं हळूहळू पातळ होत गेली. क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा, खेळ चालवणारा) बदलून बघितले, कोऑर्डिनेटर (डिफेन्सचा किंवा ऑफेन्सचा मुख्य असिस्टंट कोच) बदलून बघितले, लाईन तीच राहिली. आणि लाईन पातळ का झाली, तर दोन कारणं, पोरं आणि पैसा.

पोरांचं आधी. या राज्याच्या समुद्राकडच्या भागाला इथे सगळे एरिया कोडवरून ७५७ म्हणतात. नॉरफोक, न्यूपोर्ट न्यूज, हॅम्प्टन, व्हर्जिनिया बीच, चेसापीक. फुटबॉलची खाण आहे ती. व्हिक न्यूपोर्ट न्यूजचा, टायरॉड टेलर हॅम्प्टनचा, कॅम चान्सलर नॉरफोकचा, आणि त्यांच्या कितीतरी आधीचा ब्रूस स्मिथ तोही नॉरफोकचाच. बीमरच्या काळात तिथल्या हायस्कूलच्या कोचना टेक म्हणजे घरचं वाटायचं. ते नातं तुटलं. बीमर २०१५ नंतर निवृत्त झाले, जस्टिन फ्युएंटे आले, पहिली दोन वर्षं बरी गेली, पण राज्यातली चांगली पोरं बाहेर जायला लागली. होपवेलचा ट्रेव्हियन हेंडरसन ओहायो स्टेटला गेला, हे एक नाव झालं, अशी बरीच.

फ्रँकलिनचं नाव ऐकल्यावर मला बरं वाटलं ते याच्यासाठी. हा माणूस पेन स्टेटच्या (इथे येण्याआधी तो कोच होता ते कॉलेज) आधी दोन वेळा मेरीलँडला असिस्टंट होता, वॉशिंग्टनपासून ७५७ पर्यंतच्या हायस्कूल कोचना तो पंचवीस वर्षं ओळखतो. पेन स्टेटला असताना आपल्या अंगणातून पोरं उचलून न्यायचा, त्याचा मला तेव्हा भयंकर राग यायचा. नोव्हेंबरमध्ये इथे आला आणि पेन स्टेटला हो म्हणून बसलेली बरीच पोरं काही आठवड्यांत इकडे वळवली. जानेवारीत ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू बघणाऱ्या खेळाडूंची यादी) क्वार्टरबॅक ईथन ग्रंकमायर पण तिथूनच आला.

आणि पडलेली टीम उचलायचं काम त्याने आधी केलेलं आहे. २०११ ला तो व्हँडरबिल्टला गेला, त्याआधीची दोन्ही वर्षं त्यांची २-१०. अभ्यासाचं कॉलेज, एसईसीसारख्या कॉन्फरन्समध्ये सगळ्यांनी येऊन मारून जायचं ठिकाण. पहिल्या वर्षी ६-७, मग ९-४, मग परत ९-४, आणि सलग दोन सीझन नऊ विजय हे त्या कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदा. मग पेन स्टेट, तिथेही गेला तेव्हा स्कॉलरशिप कापलेल्या होत्या, तिसऱ्या वर्षी बिग टेन कॉन्फरन्सचं टायटल. एकदा जमलं तर नशीब म्हणू, दोनदा जमलं म्हणजे माणसाला काम येतं.

हो, पेन स्टेटने त्याला गेल्या ऑक्टोबरमध्ये सीझनच्या मध्यातच काढलं, ते तुम्ही वाचलं असेल. सलग तीन हरले, त्यातली यूसीएलए तर तोवर एकही न जिंकलेली टीम होती. आणि लोकांचा जुना राग होताच की देशातल्या टॉप टेनमधल्या टीमशी त्याचा हिशोब ४-२१. हे सगळं खरं आहे, मी लपवत नाही. पण ताई, टॉप टेनशी आपण कधी भिडणार, आपण ओल्ड डोमिनियनशी घरी हरलोय. ज्या टीमला आधी आठ-नऊ गेम जिंकायला शिकायचंय तिला हाच माणूस हवा. चार वर्षांनी क्लेमसन, मायामीशी टायटलसाठी खेळायची वेळ आली की मग त्या ४-२१ वर बोलू, तेव्हा मी पण बोलेन.

आता पैसा. मला विचाराल तर सगळ्यात मोठी बातमी नवीन कोचची नव्हतीच, ती त्याच्या दीड महिना आधी आली होती. सप्टेंबरअखेर युनिव्हर्सिटीच्या बोर्डाने चार वर्षांत मिळून साधारण २२९ मिलियन डॉलर जास्तीचे ॲथलेटिक्सला द्यायचं मंजूर केलं. जुलै २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, वर्षाला साडेवीस मिलियनपर्यंत, शिवाय बाहेरच्या जाहिरातींचे वेगळे. आणि ट्रान्सफर पोर्टलमुळे पोरगं दर वर्षी कॉलेज बदलू शकतं, आता जानेवारीत पंधरा दिवसांची एकच विंडो असते, त्यात अर्धी टीम इकडची तिकडे. प्रायला हे पैसे मिळाले नाहीत. त्याच्याच काळात आपली चांगली तयार झालेली पोरं दुसऱ्यांनी उचलून नेली, शेतकऱ्याने राबायचं आणि माल व्यापाऱ्याने न्यायचा तसं. बोर्डाने हात मोकळा सोडला नसता तर फ्रँकलिन आलाच नसता, आणि आला असता तरी त्याचंही तेच झालं असतं.

या नव्या जगात टीम किती झटकन उठू शकते याचं उदाहरण म्हणजे इंडियाना. २०२३ ला ३-९, बरोबर आपल्यासारखी. कर्ट सिग्नेटी आला, तोही व्हर्जिनियातूनच, हॅरिसनबर्गच्या जेम्स मॅडिसनहून, सोबत तिथली तेरा पोरं आणली. पहिल्या वर्षी ११-२, दुसऱ्या वर्षी १६-० आणि या जानेवारीत मायामीला २७-२१ हरवून नॅशनल चॅम्पियन. ज्या कॉलेजचं नाव शंभर वर्षं हरण्यासाठीच घेतलं जायचं ते. त्याने काय केलं, तर हायस्कूलची नावाजलेली पोरं गोळा करण्याऐवजी बावीस-तेवीस वर्षांची, अंग भरलेली, दोन-तीन सीझन खेळून तयार झालेली पोरं शोधली. लाईनला तशीच लागतात.

पण हे उदाहरण देऊन मुलाला चढवू नका, दुसरी बाजू पण सांगा. कोलोरॅडो बघा, डिऑन सँडर्स एवढं मोठं नाव, १-११ वरून ४-८, मग ९-४, आणि दोन मोठे खेळाडू एनएफएलला, म्हणजे व्यावसायिक लीगला, गेल्याबरोबर परत ३-९. नॉर्थ कॅरोलायनाने तर एनएफएलमध्ये हेड कोच म्हणून सहा सुपर बोल जिंकलेला बिल बेलिचिक आणला, पहिला सीझन ४-८. नेब्रास्काने आपलाच जुना हिरो स्कॉट फ्रॉस्ट आणला, सगळं राज्य रडलं आनंदाने, शेवटी १६-३१ वर घरी पाठवला. नावाने टीम उठत नाही हे या तिघांनी दाखवलंय.

एका गोष्टीबद्दल मात्र मी मनातून साशंक आहे. फ्रँकलिनने डिफेन्सचा कोऑर्डिनेटर म्हणून परत ब्रेंट प्रायलाच आणलं. म्हणजे ज्याला इथून काढलं तोच तीन महिन्यांनी खालच्या खुर्चीवर. माणूस म्हणून प्राय चांगला आहे, डिफेन्स त्याला येतो, पेन स्टेटला फ्रँकलिनच्या हाताखाली त्याने उत्तम केलेला, आणि पूर्वी बड फॉस्टरच्या (बीमरचा डिफेन्सचा कोच) डिफेन्सचा तो खाणकामगार नेतात तसला पत्र्याचा जेवणाचा डबा असायचा ना, त्या परंपरेची त्याला मनापासून किंमत आहे. पण ड्रेसिंग रूममध्ये काय होतं ते आपल्याला बाहेरून कळत नाही. सप्टेंबरमध्ये दोन हार लागोपाठ झाल्या की लोकांची बोटं आधी त्याच्याकडे जाणार.

तर माझा अंदाज: यंदा बारापैकी सहा-सात विजय, म्हणजे बोल गेमपुरतं. पुढच्या वर्षी आठ-नऊ. त्याच्यापुढे जायला दोन-तीन वर्षं सलग लाईनची चांगली भरती लागेल. मुलाला सांगा की पहिल्या तीन-चार गेमला स्कोअर बघू नकोस, चौथ्या क्वार्टरमध्ये आपला डिफेन्स कसा उभा आहे ते बघ. गुडघ्यावर हात दिसले नाहीत तर काम सुरू झालं समज. आणि डिसेंबरमध्ये ७५७ मधली किती पोरं सही करतात तेवढं बघ. युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनियाशी होणारा शेवटचा गेम पण बघायचाच, माझ्या काळात त्यांना हरवणं हे गृहीत असायचं, २००४ पासून सलग पंधरा वर्षं हरवलं, आणि गेल्या वर्षी ते जिंकले आणि आपण बघत बसलो.

तिकिटं घ्यायला लावाच. आमच्या वेळी स्टुडंट तिकिटांची लॉटरी असायची, मी पहिल्या दोनदा हुकलो, तिसऱ्यांदा लागली. मी पुण्याहून आलेला, फुटबॉल म्हणजे पायाने खेळतात एवढंच माहीत, रूममेटने ओढून नेलेलं. टीम बोगद्यातून बाहेर यायच्या आधी ते गिटारचं गाणं लागतं आणि पासष्ट हजार माणसं एकदम उड्या मारायला लागतात, पायाखालचं काँक्रीट खरंच हलतं, मी बाजूच्या रेलिंगला धरून उभा होतो आणि रूममेट ओरडत होता की सोड आणि उडी मार.

फक्त गाणं सुरू व्हायच्या अर्धा तास आधी आत जायला सांगा. आणि ब्लॅक्सबर्ग दोन हजार फुटांवर आहे, नोव्हेंबरच्या रात्रीच्या गेमला वारा हाडात शिरतो, जीन्सच्या आत थर्मल घालायला सांगाच, पोरं ऐकत नाहीत.