एकट्या व्यक्तीच्या चित्रातला मूड आणि प्रतीकं कशी ओळखायची? एकटी आकृती म्हणजे दुःखच असतं का?

नाही. 'एकटी आकृती म्हणजे विरह' असं कुणी शिकवलं की माझं डोकं अजून फिरतं.

आठवीत चित्रकलेच्या सरांनी दिवा घेतलेल्या बाईचं कॅलेंडर फळ्यावर टांगलं. म्हणाले, राजा रविवर्मा. एकटी म्हणजे विरह, दिवा म्हणजे प्रतीक्षा, अंधार म्हणजे नियती, लिहून घ्या. मी म्हटलं, सर, ती दिवा विझू नये म्हणून हात आडवा धरतीय. वर्ग हसला. सर म्हणाले, "मागावरच्या पोरांनी चादरीच विणाव्यात."

पण मी ते घरी बघत होतो ना! आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, पुढच्या खोलीत दोन पॉवरलूम. लाइट गेली की खडखडाट एकदम थांबायचा आणि आई आतून चिमणी घेऊन यायची. तळवा ज्योतीला आडवा. बोटांच्या कडा लालभडक, बांगडीची एक रेघ चकाकायची, बाकी आई अंधारात. ती कुणाची वाट बघत नव्हती. लाइट येईपर्यंत बाबांनी तुटलेले धागे जोडून ठेवावेत, एवढंच. मजुरी कापडावर होती, तासांवर नाही.

पुढे म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये मूळ चित्र पाहिलं. जलरंगातलं, सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं. दिवा घेऊन उभी राहिली ती त्यांचीच मुलगी गीता. चित्र १९४५-४६ चं, आणि रविवर्मा १९०६ सालीच गेलेले!

तर आधी उजेड कुठून येतोय ते बघा, मग हात काय करतायत ते. प्रतीकं नंतर. चेहरा दिसतच नसेल, उदाहरणार्थ जर्मन चित्रकार फ्रीडरिशचा धुक्याकडे बघत उभा असलेला पाठमोरा माणूस (साधारण १८१८), तर तो कसा उभा आहे ते बघा. पाय घट्ट रोवलेत, काठी टेकलीय. मला तरी तो बिचारा वाटत नाही.

बाकी सरांचं सगळंच चूक नव्हतं, दिवा म्हणजे प्रतीक्षा असूही शकते. पण ते चित्रात दिसलं पाहिजे, वहीत नव्हे.

दिवा घेतलेल्या बाईच्या त्या चित्राची एक प्रिंट आता आमच्याकडेही आहे. परवा आईला विचारलं, काय वाटतं बघून? म्हणाली, "कंदील नव्हता का हिच्याकडं?"