पलंगाखालची बॅटरी आणि नाकारलेली वॉरंटी

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, दारव्हा तालुक्यात राहतो. नवरा-बायकोला फिरायला म्हणून कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपायची सोय असलेली गाडी घेतली. गेल्या वर्षी नागपूरच्या एका दुकानदाराने तिच्यात ४०० वॅटचे सोलर पॅनेल, २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवून दिला. बिल १ लाख ८६ हजार रुपये. ‘कूलर-फ्रिज दोन दिवस आरामात चालेल,’ असं त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं होतं. मे महिन्यात लोणारला गेलो, तर दुसऱ्या रात्रीच सगळं बंद. दुकानदार म्हणतो, ‘ऊन लागून बॅटरी तापली, ते वॉरंटीत येत नाही.’ मध्यंतरी भाच्याने गाडी दोनदा ताडोब्याच्या पर्यटकांना भाड्याने दिली होती. त्याने अडचण येईल का?

उत्तर : गुरुजी, तुम्ही पाठवलेल्या कागदांत सगळ्यात मोलाचा आहे तो मोबाइलच्या अ‍ॅपचा फोटो. दुपारी दोनची वेळ, बॅटरीचं तापमान ५९ अंश आणि ‘चार्जिंग बंद’. म्हणजे बॅटरी बिघडली नाही, तिने स्वतःला वाचवलं. अशा बॅटरीतलं नियंत्रक सर्किट ठरावीक तापमानाच्या वर चार्जिंग तोडतंच.

आता हिशेब बघा. पूर्ण भरलेल्या बॅटरीत अडीच युनिट वीज मावते. कूलर रात्री आठ तास आणि फ्रिज दिवसभर, मिळून दोन युनिट जातात. छतावरचे पॅनेल मे महिन्यात तापून थोडे सुस्तावतात, तरी दीड युनिट देतातच. कागदावर दोन दिवस निघायला हवेत. पण ऐन दुपारचं चार्जिंगच होत नसेल तर दुसरी रात्र कशी निघणार?

बॅटरी तापली कशामुळे? तुमच्याच फोटोत पलंगाखालच्या बंद पेटीत बॅटरीला चिकटून इन्व्हर्टर दिसतो. कंपनीच्या माहितीपत्रकात मात्र हवा खेळती ठेवा, उष्णतेपासून दूर ठेवा, असं छापलंय. पेटी दुकानदाराने केली, जागाही त्यानेच निवडली. गाडी कुठे फिरणार हे त्याला ठाऊक होतं. नागपुरात दुकान मांडून मे महिन्याला पाहुणा म्हणता येत नाही. वस्तू कशासाठी हवी हे सांगून ग्राहक विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबला, तर ती त्या कामाला योग्य असली पाहिजे, असं १९३० चा मालविक्री कायदा कलम १६ मध्ये सांगतो.

म्हणून ग्राहक आयोगातल्या तक्रारीत ‘बॅटरी सदोष’ एवढंच लिहू नका. बसवणीतली चूक, म्हणजे सेवेतली त्रुटी, हा मुख्य मुद्दा ठेवा आणि दुकानदार व बॅटरी कंपनी दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. एकटा दुकानदार धरला तर तो कंपनीकडे बोट दाखवेल, एकटी कंपनी धरली तर ती बसवणीकडे.

आधी दोघांना स्पीड पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस द्या. नागपूरचे खेटे घालायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे यवतमाळला, तक्रार चालते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षांची; ती बिलाच्या तारखेपासूनच धरून चाला, म्हणजे वाद नको.

भाड्याचं लपवू नका. व्यापारासाठी घेणारा या कायद्यात ग्राहक ठरत नाही, म्हणून समोरचा वकील ‘व्यापारी वापर’ म्हणत तेच पहिल्यांदा काढेल. पाहायचा असतो खरेदीचा मुख्य हेतू. दोन फेऱ्यांनी तो बदलत नाही. पण भाच्याला आता थांबवा. गाडी खासगी म्हणून नोंदलेली असताना भाड्याने फिरवणं हा परमिटचा आणि विम्याचा वेगळाच घोळ आहे.

पॅनेल नंतर बसवलेत, तेव्हा आरटीओकडे लेखी विचारा आणि विमा कंपनीला कळवा. गाडीतल्या बदलांबाबतच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्ध बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दुकानदाराने हे सांगायला हवं होतं; सांगितलं नसेल तर तेही नोटिशीत घाला.

बॅटरी स्वतः उघडू नका, पेटी हलवू नका, अ‍ॅपमधली नोंद पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश त्याच फोनमध्ये राहू द्या. शासकीय तंत्रनिकेतनातल्या विद्युत शाखेच्या जाणकाराकडून पाहणी करून लेखी अहवाल घ्या, मात्र गाडी उन्हात उभी करून, दुपारी. डिसेंबरात पाहणी झाली तर बॅटरी अगदी झकास चालताना दिसेल आणि अहवाल दुकानदाराच्याच कामी येईल.