तालुक्याच्या गावी निघणाऱ्या जुन्या साप्ताहिकांत इतिहास म्हणून काही सापडतं का?

तुमचा प्रश्न असा, की 'केसरी'सारख्या पुण्यातल्या पत्रांवर एवढं लिहिलं गेलं आहे, मग लहान गावच्या चार पानी साप्ताहिकांत वेगळं काय मिळणार? माझ्या मते पुष्कळ मिळतं. मी पुण्याच्या नारायण पेठेतल्या एका छापखान्यात खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरं) जुळवायचं काम केलं आहे आणि बाहेरगावची अशी साप्ताहिकं आमच्याकडे छापायला येत.

'दर्पण' १८३२ साली मुंबईत निघालं, 'ज्ञानप्रकाश' १८४९ साली पुण्यात, हे सगळे सांगतात. मला त्यापुढची एक साखळी जास्त मोलाची वाटते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यातून 'दीनबंधू' काढलं. शेतकरी-कष्टकऱ्यांची बाजू मांडणारं हे सत्यशोधकी साप्ताहिक पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत चालवलं. भालेकरांचे चिरंजीव मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये 'दीनमित्र' सुरू केलं, तेही शहरात नाही, नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या सोमठाण्याहून आणि पुढे तरवडीहून. खेड्यात बसून काढलेलं हे पत्र १९६७ पर्यंत चाललं. वर्गणीदार विखुरलेले, जाहिराती तुटपुंज्या, तरी अर्धशतकाहून जास्त काळ! मराठी पत्रकारितेच्या इतिहासात याला अग्रलेखांइतकीच जागा मिळायला हवी, असं मी मनापासून म्हणतो.

आता अंक हातात आला तर वाचायचा कसा? अग्रलेख शेवटी वाचा. आधी तळाची बारीक ओळ बघा: मुद्रक कोण, प्रकाशक कोण, छापखाना कुठला. १८६७ च्या कायद्यामुळे ती छापावीच लागे. मुद्रक, प्रकाशक आणि संपादक एकच माणूस असेल तर सगळा डोलारा कोणाच्या खांद्यावर होता ते तिथेच कळतं. मग 'वर्गणी संपली आहे, कृपया पाठवावी' ही चौकट. ती दर अंकात मोठी होत गेली असेल, तर पत्र अडचणीत होतं असं समजा. त्यानंतर जाहीर नोटिसा, बाजारभाव, निधनवार्ता, यात्रेची तारीख, शाळेचा निकाल. कोणत्या विहिरीवरून कोणत्या भावकीत वाद होता, कोणी जमीन विकायला काढली, हे पुण्या-मुंबईच्या दैनिकात कधीच येत नसे. गावोगावचे मास्तर नाहीतर दुकानदार पोस्टकार्डावर बातमी पाठवत. मजकूर पुष्कळदा जसाच्या तसा जुळवला जाई, त्यामुळे त्या भागाची बोली त्यात टिकली आहे.

अंक दुर्मीळ का झाले, याचं कारण छापखान्यात आहे. खिळे मोजके असत. पान छापून झालं की फर्मा (पानाचे जुळवून आवळलेले खिळे) सोडायचा, खिळे धुवायचे आणि ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे, कारण पुढच्या अंकाला तेच लागणार. म्हणजे छापलेल्या प्रतींखेरीज मागे काहीच उरत नसे, आणि प्रतीही काहीशेच. लग्नसराईत पत्रिकांची कामं आधी घेतली जात, कारण छापखाना त्यांवरच चाले. म्हणून वैशाखातले अंक उशिरा निघालेले किंवा जोडअंक दिसले, तर दचकू नका.

पुण्यात शोधायचं असेल तर शासकीय विभागीय ग्रंथालय आणि पुणे नगर वाचन मंदिर इथे आधी विचारा. पण खरा साठा त्या त्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात आणि संपादकांच्या घरच्या माळ्यावर असतो. घरच्यांना भेटा, रद्दीत घालू नका म्हणून सांगा. फोटो काढाल तेव्हा वर्ष, अंक क्रमांक आणि तारीख असलेला मथळा आधी घ्या, नाहीतर सुट्या पानांचा मेळ पुढे लागत नाही.