ऑकलंडमधलं जुनं बैठं घर: आधी जमिनीखाली बघा, मग स्वयंपाकघर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून वर्क व्हिसावर न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला येताय, सोबत दोन शाळकरी मुलं, आणि सँड्रिंगहॅम-माउंट रॉस्किलच्या पट्ट्यातलं १९४०च्या दशकातलं एक बैठं लाकडी घर जाहिरातीत नजरेत भरलंय. जुनं घर घ्यावं का, आणि बघायला गेल्यावर नेमकं काय बघावं?

पहिली गोष्ट मोडता घालणारी आहे. वर्क व्हिसावर हे घर तुम्हाला घेता येणार नाही. ऑक्टोबर २०१८ पासून बहुतेक परदेशी व्यक्तींना इथली राहती घरं विकत घेण्यावर बंदी आहे. रेसिडेंट व्हिसा हातात आला तरी लगेच दार उघडत नाही. मागचे १२ महिने तुमचं वास्तव्य इथे हवं, त्यांतले किमान १८३ दिवस प्रत्यक्ष देशात हवेत आणि करासाठीही तुम्ही इथले रहिवासी हवेत. तोवर बहुधा भाड्यानेच राहावं लागेल. मग त्याच भागात भाड्याने राहा, आणि जून ते ऑगस्टचा हिवाळा तिथे काढा. कुठल्या गल्लीत ऊन येतं, कुठे दुपारीही अंगण ओलं राहतं, हे जाहिरातीतले फोटो सांगत नाहीत.

घराचं वय मात्र घाबरण्यासारखं नाही. या भागात तीन तऱ्हा भेटतील. माउंट ईडन, ग्रे लिनकडे उंच छताचे विला, साधारण १८८० ते १९१५ मधले. सँड्रिंगहॅममध्ये १९२०-३०चे बंगलो. आणि रॉस्किल-ओवायराकात सरकारने बांधलेली स्टेट हाउस. ही योजना १९३७ मध्ये सुरू झाली. स्टेट हाउस दिसायला साधंच: चारी बाजूंनी उतरतं कौलारू छप्पर, छोट्या खिडक्या, लहान खोल्या. पण सांगाडा आणि जमीन बहुतेक वेळा रिमूसारख्या देशी लाकडाची, आणि ते लाकूड आज सहजी मिळत नाही. १९९० ते २००४ च्या दरम्यानचं गुळगुळीत प्लास्टर केलेलं, वळचण नसलेलं घर आणि १९४८चं स्टेट हाउस एकाच किमतीला असेल तर मी डोळे झाकून दुसरं निवडेन. त्या प्लास्टरच्या घरांत भिंतीच्या आत पाणी मुरून सांगाडे कुजले, आणि ते बाहेरून दिसत नाही. जुन्या घराचा रोग निदान दिसतो तरी.

दिसतो, पण जमिनीखाली. इथली जुनी घरं पायथ्यावर टेकलेली नसतात, खुंटांवर उभी असतात. खुंट म्हणजे पाइल, त्यावर आडव्या जाड तुळया म्हणजे बेअरर, त्यावर बारीक तुळया म्हणजे जॉइस्ट, त्यावर फळ्या. खाली शिरायची झडप बाहेरच्या भिंतीत किंवा एखाद्या कपाटाच्या तळाशी असते. ती उघडायला सांगा आणि टॉर्च मारा. आत शिरायचं काम इन्स्पेक्टरचं. आधी मेन स्विच बंद करायचा, हा नियम तोही पाळतो. फळ्यांखाली उष्णतारोधक म्हणून चांदीसारखं फॉइल स्टेपल केलेलं असतं, आणि एखादी स्टेपल वायरमध्ये घुसली की अख्खं फॉइल करंट धरतं. माणसं गेल्यावर २०१६ मध्ये असं फॉइल नव्याने बसवायला बंदी आली, पण जुनं अजून बऱ्याच घरांखाली आहे.

टॉर्चच्या उजेडात चार गोष्टी बघा. खुंट काँक्रीटचे की लाकडाचे, आणि सरळ उभे आहेत का. खुंट आणि बेअरर यांच्यामध्ये लाकडाच्या चकत्या किंवा पाचरी घुसवल्या असतील तर घर कधीतरी बसलंय आणि कोणीतरी नुसती ठिगळं लावलीत. माती पिठासारखी कोरडी आहे की काळपट, चिकट. लाकडावर बारीक, दीड-दोन मिलिमीटरची भोकं आहेत का. असतील तर त्यांखाली फिकट, ताजा भुसा पडलाय का. भोकं जुनी आणि भुसा नसेल तर बोअरर किडा बहुधा कधीच निघून गेलेला असतो. ताजा भुसा म्हणजे तो अजून आत जेवतोय.

ओल का धरते, तर हवा खेळत नाही म्हणून. घरातल्या जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरमागे ३५०० चौरस मिलिमीटर मोकळी झरोक्याची जागा हवी असं बांधकामाचं मानक सांगतं. १०० चौरस मीटरच्या घराला ०.३५ चौरस मीटर झालं. घराभोवती चक्कर मारून झरोके मोजा. मागे नवीन डेक टाकलाय, पुढे बाग करताना माती भिंतीला टेकवलीय, ड्राइव्ह-वेचं काँक्रीट झरोक्याच्या वर चढलंय: तीनही सुधारणा घर विकताना शोभेच्या ठरतात, आणि तीनही घराचा श्वास कोंडतात. उपाय महाग नाही. झरोके मोकळे करायचे, मातीवर २५० मायक्रॉनचं पॉलिथिन अंथरायचं. खुंट बदलायची वेळ आली तर मात्र मोठा खर्च, म्हणून तो आकडा बोली ठरवायच्या आधी घ्या.

घरात आल्यावर खिशातली गोटी जमिनीवर सोडा. जुन्या घरात ती थोडी घरंगळणारच. पण चारही खोल्यांतून ती एकाच बाजूला, विशेषतः चिमणीकडे धावत असेल तर विटांच्या चिमणीचा भार खाली बसतोय. मग दक्षिणेकडच्या बेडरूमचं कपाट उघडून नाक आत घाला. आपल्याकडे दक्षिणेच्या खोलीला भरपूर ऊन मिळतं, इथे उलट: सूर्य उत्तरेकडून फिरतो, दक्षिणेची बाजू हिवाळाभर थंड. पूर्वाभिमुख दाराचा हट्ट धरणारे बरेच जण भेटतील. मी बैठकीची खोली उत्तरेला आहे का एवढंच आधी बघेन. कपाटात कोंदट वास असेल आणि मागच्या फळीवर काळे ठिपके असतील, तर समजा भिंतीत इन्सुलेशन, म्हणजे उष्णतारोधक थर, नाही. १९७८ पूर्वी ते सक्तीचं नव्हतं, त्यामुळे भिंती बहुधा पोकळच. छताला आणि जमिनीखाली नंतर सहज घालता येतं. भिंतीत घालायला बहुतेक वेळा आतलं आवरण काढावं लागतं.

बंगलो बघत असाल तर भिंत बोटाने दाबा. कागद फुगतो आणि आत पोकळ लागतं, म्हणजे खाली लाकडाच्या फळ्यांवर ठोकलेलं तागाचं कापड आहे. त्याला इथे स्क्रिम म्हणतात. ते भराभर पेटतं, आणि काही विमा कंपन्या त्यावरून हात आखडतात. माळ्यावर काळी, गोल, रबराच्या आवरणाची वायर दिसली तर रबर बोट लावताच तुटण्याइतकं वाळलेलं असू शकतं. फ्यूजबोर्डात चिनी मातीचे फ्यूज असतील तर वायरिंग कधी बदललं याचं प्रमाणपत्र मागा. स्वयंपाकघराचा नळ आणि शॉवर एकदम सोडा. धार बारीक, सुरुवातीला तांबूस पाणी, म्हणजे आत गंजलेली गॅल्व्हनाइज्ड पाइप. १९७०च्या दशकाअखेर वाढवलेला भाग असेल तर डक्स क्वेस्ट नावाची, फुटण्यासाठी बदनाम प्लास्टिकची पाइप आहे का विचारा, विमेवाले नक्की विचारणार. वळचणीची सपाट सिमेंटची पत्रं, दाणेदार छत, जुनं व्हिनाइल यांत अॅस्बेस्टॉस असू शकतो. ते तसंच राहिलं तर लगेच धोका नाही, पण घासायचं, फोडायचं नाही. १९८० पूर्वीच्या रंगात शिसं धरूनच चाला. पोपडे खरवडताना मुलं घरात नकोत.

आता कागदपत्रं. कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या महापालिकेकडून, लिम अहवाल घ्या. त्या घर-जमिनीबद्दल कौन्सिलकडे असलेली माहिती त्यात असते. मागितल्यावर कामाच्या १० दिवसांत द्यावाच लागतो. सोबत प्रॉपर्टी फाइलही मागवा, तिच्यात जुने नकाशे असतात. त्या नकाशावर बंद न केलेला व्हरांडा आणि आज तिथे बेडरूम, किंवा गॅरेजमध्ये स्वयंपाकघर, असं दिसलं की परवानगी आणि १९९२ नंतरचं काम असेल तर कम्प्लायन्स सर्टिफिकेट, म्हणजे काम नियमाप्रमाणे झाल्याचा दाखला, शोधा. नसेल तर ती खोली मोजणीत धरू नका. २७ जानेवारी २०२३ च्या पुराने या पट्ट्यातल्या काही गल्ल्या बुडाल्या, म्हणून कौन्सिलच्या फ्लड व्ह्यूअर या ऑनलाइन नकाशात पत्ता टाकून पावसाचं पाणी प्लॉटवरून वाहून जाण्याचा मार्ग बघा. तो घराखालून जात असेल तर मी ते घर सोडेन, रिमूची जमीन कितीही चमकू दे.

टायटल, म्हणजे मालकी हक्क, फ्रीहोल्ड (घर-जमीन पूर्ण तुमची) आहे की क्रॉस-लीज (जमीन शेजाऱ्यासोबत सामाईक, घर भाडेपट्ट्यावर), हे वकिलाकडून पहिल्याच दिवशी विचारून घ्या. मोठा प्लॉट फोडून मागे दुसरं घर बांधलेलं असेल तर बरेचदा क्रॉस-लीज असतं. अशा वेळी घराची बाहेरची रेघ फ्लॅट्स प्लॅनशी, म्हणजे टायटलला जोडलेल्या नकाशाशी, जुळलीच पाहिजे. शेजाऱ्याला न विचारता वाढवलेली एक खोलीसुद्धा टायटल सदोष करते. शेजारच्या प्लॉटचं झोनिंगही, म्हणजे तिथे काय आणि किती उंच बांधता येतं, बघा. मिक्स्ड हाउसिंग अर्बन नावाचा झोन असेल तर तिथे ११ मीटरपर्यंत इमारत उभी राहू शकते, आणि ती तुमच्या उत्तरेला असेल तर हिवाळ्यातलं ऊन गेलं.

इथे बरीच घरं लिलावात जातात. हातोडा पडला की करार पक्का, साधारण १० टक्के रक्कम त्याच दिवशी, माघार नाही. म्हणून इन्स्पेक्टरचा अहवाल, लिम, वकिलाचं मत, बँकेची मंजुरी आणि विमा कंपनीचं लेखी उत्तर, पाचही लिलावाआधी हातात हवीत. अहवाल एजंटने दिलेला वापरू नका. स्वतः पैसे देऊन करवून घेतलात तरच इन्स्पेक्टर तुम्हाला बांधील राहतो. तो एनझेडएस ४३०६ या घर-तपासणीच्या मानकाप्रमाणे तपासणी करतो का, आणि जमिनीखाली प्रत्यक्ष रांगतो का, हे आधीच विचारा. विम्याला पत्ता, बांधकामाचं साल, वायरिंग, पाइप आणि छपराचा प्रकार कळवून होकार घ्या. विमा नाही मिळाला तर बँक कर्जाचे पैसे सोडत नाही, आणि तोवर तुमचे १० टक्के अडकलेले असतात.